पाच दिवसांचं गाणं

विलायतेहून परत आलेल्या माणसानं दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायला घेतलं, की वाचकांच्या त्याच्याकडून काही रास्त अपेक्षा असतात. लंडनचा पूल, राजवाड्यासमोरची पहाऱ्याची अदलाबदल, शेक्सपिअरचं घर, एवढं तरी त्यानं सांगायलाच हवं. वाचकहो, मी आधीच कबूल करते, की यांतलं मी काहीच पाहिलेलं नाही. मी गेले होते लेकीकडे. ती राहते कार्डिफला. आणि लेकीच्या घरी गेलेली मराठी आई पहिले पंधरा दिवस फक्त डबे घासते आणि फडताळं आवरते, हे का तुम्हांला सांगायला हवं?

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. हा मान मात्र तिला मिळाला तो अगदी अलीकडे, 1955 साली. टॅफ नदी गावाच्या कडेनं वाहते, भर बाजारात किल्ला आहे, आणि पाऊस तर इथला पाहुणा नव्हे, घरमालकच. सकाळी येतो, दुपारी येतो, आणि संध्याकाळी आपण कपडे वाळत घालायला काढले की आठवणीनं येतो. गावातली प्रत्येक पाटी दोन भाषांत. रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'स्लो' लिहिलेलं, आणि त्याच्या जोडीला वेल्शमध्ये 'अराव्ह', म्हणजे सावकाश. त्यांच्या लिपीत शेवटी 'एफ' असतो, पण तो 'व्ह' म्हणायचा. दोन 'एल' शेजारी आले तर जीभ टाळूला लावून बाजूनं वारा सोडायचा. आपल्या 'ळ'ला परदेशात कुणी विचारत नाही म्हणून मी नेहमी हळहळते, पण इथं त्याचा एक दूरचा चुलतभाऊ भेटल्यासारखं झालं!

तर एका पावसाळी दुपारी लेक मला बाजारात घेऊन गेली. गावाच्या मध्यभागी काचेचं छप्पर घातलेल्या जुन्या गल्ल्या आहेत. त्यांना आर्केड म्हणतात. सगळ्यांत जुनी 1858 सालची. दोन्ही बाजूंना छोटी छोटी दुकानं, वर लोखंडी कमानी, आणि छपरावर पावसाची टपटप. आमच्या तुळशीबागेवर कुणी काचेचं छप्पर घातलं तर कसं दिसेल, याची मला तिथं कल्पना आली. यांतल्याच मॉर्गन आर्केडमध्ये 'स्पिलर्स' नावाचं ग्रामोफोनच्या तबकड्यांचं दुकान आहे. ते निघालं 1894 साली. जगातलं सर्वांत जुनं तबकड्यांचं दुकान, अशी त्याची ख्याती. या गल्लीत ते आलं 2010 साली, पण घराणं जुनं.

मी गाण्याची शिक्षिका. गेली अडतीस वर्षं पुण्यात घरच्या घरी वर्ग घेते आणि मुलींना प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षांना बसवते. तेव्हा तबकड्यांचं दुकान म्हटल्यावर माझी पावलं आपोआप आत वळली. मी आपली व्हायोलिन, पियानो शोधत होते. तेवढ्यात लेकीनं एक तबकडी आणून माझ्या हातात ठेवली. वेष्टनावर तिघांचे चेहरे, निम्मे उजेडात, निम्मे अंधारात. नाव होतं 'कलॉसल यूथ'. गाणाऱ्या मंडळींचं नाव 'यंग मार्बल जायंट्स', म्हणजे संगमरवरी तरुण राक्षस.

"आई, ही आमच्या गावची मंडळी," ती म्हणाली. 'आमच्या गावची' हे शब्द ऐकून माझ्या पोटात जरा कालवलं. पण ते सोडा.

घरी येऊन चहा झाला आणि तिनं तबकडी लावली.

आधी ऐकू आली ती एक बारीक, कोरडी टिकटिक. शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तशी. मग एक गिटार, पण तारा झंकारू देतील तर शपथ! तळव्यानं दाबून, तुटक तुटक सूर. त्याच्या जोडीला खर्जातलं गिटार; ते मात्र गाण्याची चाल आपणच सांगत असल्यासारखं पुढं चालत होतं. कधी मध्येच एक छोटा ऑर्गन. बाकी सगळी शांतता. आणि त्या शांततेत एक मुलगी गाऊ लागली. आलाप नाही, हरकत नाही, आवाज फेकणं नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना आपल्याशीच गुणगुणावं, तसं गाणं.

थोड्याच वेळात एके ठिकाणी सूर हलकासा खाली आला. अडतीस वर्षांची सवय, मी चटकन म्हणाले, "उतरली!"

"हो. मला माहीत आहे," लेक म्हणाली. एवढंच. आणि ती उठून खिडकीशी गेली.

आता इथं मला तुम्हांला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला फारसं आवडत नाही.

माझी लेक चौदा वर्षांची असताना आमच्या वाड्याच्या गणेशोत्सवात गायला बसली होती. भीमपलासातली एक छोटीशी बंदिश. पेटीवर मी. गळा गोड, पण त्या दिवशी निषाद काही मनासारखा लागेना. बाईंची मुलगी, समोर माझ्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या आया! मी पेटी थांबवली आणि म्हणाले, "पुन्हा." तिनं पुन्हा म्हटलं. मी म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्या वेळी निषाद अगदी चोख लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेक तेवढीच ओळ म्हणून उठली, आणि त्यानंतर ती आमच्या घरात कधीही गायली नाही. पुढं ती डॉक्टर झाली, भूलतज्ज्ञ झाली, लग्न होऊन इथं आली. मी सगळ्यांना सांगत असे, अभ्यासामुळं गाणं सुटलं हो!

त्या रात्री जेवताना मी जावयांना विचारलं, की ही कोण मंडळी, आणि अशी का गातात? जावई माझे बोलघेवडे. त्यांनी पहिल्यापासून कथा सांगितली.

1976-77 च्या सुमारास इंग्लंडात 'पंक' नावाचं एक वादळ उठलं. बेकार, वैतागलेल्या पोरांनी गिटारी हातात घेतल्या आणि दोनतीन स्वरमेळांवर आरडाओरडा सुरू केला. गाणं यायलाच हवं, वाद्य शिकायलाच हवं, ही अट त्यांनी मोडून टाकली. वादळ ओसरल्यावर मागं जी पिढी आली तिनं त्यांचं धाडस ठेवलं आणि आरडाओरडा सोडून दिला. या नव्या प्रकाराला 'पोस्ट-पंक' म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला न जाता छोट्या छोट्या मंडळ्या आपल्याआपणच तबकड्या काढू लागल्या.

कार्डिफमध्ये 1978 साली स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि अ‍ॅलिसन स्टॅटन ही मुलगी एकत्र आली. त्याआधी हे तिघं दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या एका जथ्यात होते. गाणी बहुतेक स्टुअर्टची, खर्जाचं गिटार फिलिपचं, गळा अ‍ॅलिसनचा. तालवादक नव्हता. पण पीटर जॉइस नावाचा त्यांचा एक भाऊ टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होता. त्यानं घरीच एक ताल देणारं यंत्र जुळवून दिलं. मला शिवणयंत्र वाटलं ते हेच! जाहीर कार्यक्रमात दर गाण्याला यंत्राची मांडणी बदलणं जमेना, म्हणून त्यांनी सगळे ताल कॅसेटवर भरून घेतले आणि ती कॅसेट लावून ते गात. आपल्याकडं तबलजी आयत्या वेळी आला नाही, की बाई जशा टेबलावर बोटांनी ठेका धरतात, त्यातलाच हा प्रकार.

नाव त्यांना मिळालं ते प्राचीन शिल्पांवरच्या एका पुस्तकात. ग्रीकांनी फार पूर्वी संगमरवरी तरुणांचे उंचच उंच पुतळे घडवले. त्यांना 'कूरॉस' म्हणतात. हात शरीराला चिकटलेले, डावा पाय किंचित पुढं, ओठांवर एक न कळणारं हसू. पुढच्या शतकांत ग्रीक शिल्पी इतके तरबेज झाले की दगडात शिरा न् शीर दिसू लागली. पण त्या जुन्या, अवघडून उभ्या राहिलेल्या पोरांकडं पाहिलं की वाटतं, यांना कुणीतरी नुकतंच "उभा राहा" म्हणून सांगितलं आहे आणि ते जिवापाड प्रयत्न करताहेत. जावयांनी मला फोटो दाखवला. मला ते हसू आवडलं.

पुढल्या आठवड्यात लेकीला दोन दिवस सुट्टी होती. ती म्हणाली, "चल, ती तबकडी जिथं ध्वनिमुद्रित झाली तो मुलूख तुला दाखवते." आम्ही दोघीच मोटारीनं निघालो. कार्डिफहून उत्तरेला, मर्थर टिडफिलवरून, ब्रेकनचे डोंगर चढून पलीकडं. झाड नसलेले हिरवे डोंगर, त्यांवर दगडी बांधांच्या रेघा, आणि मीठ सांडावं तशा विखुरलेल्या मेंढ्या. माणूस मैलोगणती दिसत नाही. उजव्या हाताला दूर हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांचं गाव राहिलं. लेक म्हणाली, की फुटून गेल्यावर कित्येक वर्षांनी ही मंडळी 2007 साली तिथल्या साहित्योत्सवात पुन्हा एकत्र येऊन गायली.

तीन तासांनी आम्ही लानव्हायर कारेनियन नावाच्या एका लहानशा गावी पोचलो. लानव्हायर म्हणजे मेरीचं देऊळ. गावाच्या कडेला एक आगगाडीचं स्टेशन दिसलं, आणि वाचकहो, मी जागच्या जागी उभी राहिले. समोर माझ्या लहानपणीची गाडी! माझं माहेर बार्शी. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ती अरुंद रुळांची 'बार्शी लाइट' 1897 साली सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. ही लानव्हायरची गाडी 1903 सालची, आणि हिचंही अंतर बरोबर अडीच फूट! बार्शीचे रूळ या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत रुंद झाले; ती गाडी गेली. ही 1956 मध्ये बंद पडली होती, पण 1963 मध्ये हौशी लोकांनी पदरमोड करून ती पुन्हा सुरू केली. कोळशाचा धूर, पितळी नळ्या, आणि धक्के देत देत निघणं. आजच्या हिशेबानं पाहिलं तर त्या गाडीत सगळ्या चुकाच चुका. तरी डब्याच्या खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्यांची तोंडं पाहायला हवी होती!

ध्वनिमुद्रण झालं ते याच मुलखातल्या 'फोएल' नावाच्या स्टुडिओत. वेल्शमध्ये त्याचा अर्थ बोडका डोंगर. 'हॉकविंड' या त्या काळच्या गाजलेल्या जथ्यात पूर्वी वाजवणाऱ्या डेव्ह अँडरसन यांचा हा स्टुडिओ. आम्ही कुणाच्या दाराशी गेलो नाही. रस्त्याच्या कडेला मोटार उभी केली, पोळीभाजीचा डबा उघडला आणि समोरच्या डोंगरांकडं बघत बसलो. लेकीनं मोटारीत पुन्हा तीच गाणी लावली.

"पाच दिवसांत झालं हे सगळं," ती म्हणाली. "पंधरा गाणी. बहुतेक पहिल्याच खेपेला म्हटलेली. लंडनच्या 'रफ ट्रेड' या छोट्या मंडळीनं तबकडी काढली 1980 च्या फेब्रुवारीत. वर्ष संपायच्या सुमाराला जथा फुटलासुद्धा. स्टुडिओत बसून केलेली मोठी तबकडी ही एवढीच."

मला त्या जुन्या तबकड्या आठवल्या. आपल्याकडं 1902 साली गौहरजान पहिल्यांदा गायल्या तेव्हा त्यांनाही तीन मिनिटांची मुदत होती. एकदा मेणावर रेघ उमटली की उमटली. शेवटी आपलं नाव ओरडून सांगायचं आणि संपलं. त्या तबकड्यांत खरखर आहे, धाप आहे, घाईही आहे. त्या ऐकताना मी विद्यार्थिनींना कधी चुका दाखवत नाही. उलट म्हणते, "बघा, बाई समोर बसल्यासारख्या वाटतात." मग या कार्डिफच्या पोरीनंच माझं काय घोडं मारलं होतं?

मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. एक गोष्ट ध्यानात आली, की हा ढिसाळपणा नव्हे. प्रत्येक सूर मोजून ठेवलेला. दोन सुरांमध्ये जागा किती सोडायची हे या पोरांनी महिनोन्‌महिने बसून ठरवलेलं असणार. नको ते सगळं काढून टाकलं होतं. आणि म्हणूनच जे उरलं त्यात काही लपत नव्हतं. गाणारीचा श्वास ऐकू येतो. ओळ संपताना आवाज किंचित थकतो, तेही कळतं. मोठा वाद्यवृंद असता तर त्या दोनचार उतरलेल्या श्रुती कुणाला सापडल्याही नसत्या. आमचे कुमार गंधर्व क्षयाच्या आजारातून उठून 1950 नंतर पुन्हा गायला बसले तेव्हा त्यांचा दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांत गाणं मांडलं, आणि लोक ते तुकडे डोक्यावर घेऊन नाचले. कार्डिफच्या पोरीची आणि कुमारांची बरोबरी मी करत नाही, गैरसमज नको! पण असेल त्या दमात, कुठलंही सोंग न आणता खरं गाणं, ही गोष्ट दोन्हीकडं सारखीच.

आणि मला बार्शीच्या भगवंताच्या देवळातलं एकादशीचं भजन आठवलं. एक म्हातारी होती. तिचा आवाज फुटक्या भांड्यासारखा, पण अभंग पुरा म्हटल्याशिवाय ती उठत नसे. माझे वडील पेटी वाजवत. त्यांनी तिच्यासाठी पेटी कधी थांबवली नाही. ती जिथं जाईल तिथं सूर देत राहायचे.

"एक विचारू?" मी लेकीला म्हणाले. "चूक कळत होती, तर तिला पुन्हा गायला का नाही लावलं?"

"वेळ नव्हता, आणि पैसेही," ती म्हणाली. थोडा वेळ समोर बघत राहिली. "तिसऱ्या वेळेला सूर चोख लागलाही असता, आई."

मेंढ्या चरत होत्या. तबकडीतलं शिवणयंत्र चाललं होतं. मी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या गणपतीत मी पेटी थांबवायला नको होती."

लेक माझ्याकडं बघून म्हणाली, "अंतरा राहिलाच तेव्हा."

वाचकहो, अडतीस वर्षं मी चुका शोधल्या, आणि इतकी वर्षं माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की अंतरा राहिला होता.

परतल्यावर एका संध्याकाळी आम्ही कार्डिफच्या जुन्या गोदीकडं फिरायला गेलो. वेल्सच्या डोंगरातला कोळसा इथून जगभर जाई. 1913 साली तर एक कोटी टनांहून जास्त गेला म्हणतात. आता तिथं पाण्याला बांध घातला आहे, 2004 साली उघडलेलं एक मोठं संगीतगृह आहे, आणि लोक आइस्क्रीम खात फिरतात. जवळच्याच ईस्ट मूर्स भागात पोलादाचा कारखाना होता. तो बंद पडला 1978 साली, म्हणजे ज्या वर्षी हे तिघं एकत्र आले त्याच वर्षी. शतकभर घणाच्या आवाजात जगलेलं गाव एकाएकी गप्प झालं असेल. त्या गप्प गावात कुणा तिघांना हलक्या आवाजात गावंसं वाटलं, यात मला आता काही नवल वाटत नाही. त्यांच्या तबकडीतलं शेवटचं गाणं शब्दांवाचूनचं आहे, आणि त्याचं नाव शिडाच्या दोरांत शिरणाऱ्या वाऱ्यावरून ठेवलेलं आहे. गोदीवर उभं राहिल्यावर ते नाव मला समजलं.

ही तबकडी पुढं हातोहाती पसरत गेली. अमेरिकेतला कर्ट कोबेन हा पुढं जगप्रसिद्ध झालेला गायक आपल्या आवडत्या तबकड्यांत हिचं नाव घेत असे. 2007 साली आणि पुन्हा 2020 साली, चाळिशी पुरी झाली तेव्हा, ती नव्यानं निघाली. पाच दिवसांत केलेलं काम चाळीस वर्षं टिकलं. ज्यांनी पाच पाच महिने खर्च करून त्या वर्षी निर्दोष तबकड्या काढल्या असतील, त्यांतल्या किती आज कुणाच्या घरी वाजतात?

पुण्याला परत आल्यावर मी वर्गाचा एक नियम बदलला आहे. मुलगी गात असताना पेटी थांबवायची नाही. गाणं पुरं होऊ द्यायचं, अंतऱ्यासकट. निषाद दुसऱ्या दिवशी सांगायचा. सांगायचा मात्र नक्की, कारण मी मास्तरीण आहे आणि परीक्षक काही कार्डिफचे नसतात!

पण नियमाची खरी सुरुवात झाली ती तिथंच, निघायच्या आदल्या रात्री. मी पेटी भरत होते, कपड्यांची. लेक स्वयंपाकघरात फ्लॉवरची भाजी परतत होती. बाहेर घरमालक नेहमीप्रमाणं कोसळत होता. भांड्यांच्या आवाजात मला भीमपलास ऐकू आला. अगदी हळू, आपल्याशीच. स्थायी झाली आणि ती अंतऱ्याला गेली. वर चढताना निषाद जरासा हलला. माझ्या हातातली साडी तशीच राहिली. तिलाही ते कळलं असावं, कारण ती थांबली आणि दाराकडं वळून माझ्याकडं पाहू लागली.

"बघतेस काय?" मी म्हणाले. "भाजी लागतेय खाली. गाता गाता ढवळ."